लाखोंच्या किचनमध्ये ज्याची स्टाईल कॉपी होते, त्या सुताराचं स्वतःचं दिवाळं निघालं होतं

घराच्या रिनोव्हेशनचे रील्स बघायची सवय असेल, तर असा एक तरी व्हिडिओ तुमच्यासमोरून गेला असणार.

आधी जुनाट, कळकट किचन दिसतं. मग गाणं बदलतं आणि समोर येतं नवं किचन. मधासारख्या तपकिरी लाकडाची कपाटं, त्यांना तांब्याच्या ठोकीव मुठी, ओट्यामागे मातकट हिरव्या टाईल्स आणि खिडकीतून येणारा उजेड. कुठे नक्षी नाही, कुठे चकचकाट नाही, तरी बघत राहावंसं वाटतं. खाली लिहिलेलं असतं, आर्ट्स अँड क्राफ्ट्स किचन. अमेरिकेत त्यालाच क्राफ्ट्समन स्टाईल म्हणतात.

आज असं किचन खऱ्या ओक लाकडात करून घ्यायचं तर अमेरिकेतल्या माणसाचाही खिसा चांगलाच हलका होतो.

पण ज्या माणसाने ही स्टाईल अमेरिकेच्या घराघरात नेली, त्याचं म्हणणं नेमकं उलटं होतं. घरातल्या वस्तू कमी करा, दिखावा बंद करा आणि जो माणूस घरात राबतो त्याच्या सोयीने घर बांधा, हे तो आयुष्यभर सांगत राहिला. स्वतःच्या धंद्यात मात्र त्याने हा नियम मोडला आणि तो रस्त्यावर आला.

त्याचं नाव गुस्ताव स्टिकली.

बाप सोडून गेला आणि पोरगा खुर्च्या करायला लागला

9 मार्च 1858. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ओसिओला नावाचं छोटं गाव. तिथे जर्मनीहून आलेल्या एका कुटुंबात गुस्तावचा जन्म झाला. वडील लिओपोल्ड पाथरवट, म्हणजे दगडाचं बांधकाम करणारे. आईचं नाव बार्बरा. घरात पोरांची रांग, आणि जगलेल्या मुलांमध्ये गुस्ताव सगळ्यात मोठा.

मोठा म्हणजे काय, तर शाळा लवकर सुटली आणि तो बापाबरोबर दगडाच्या कामावर जायला लागला. पुढे आयुष्यभर त्याला दगडकामाचा तिटकारा राहिला. दगड हा जड आणि थंड, लाकूड मात्र हाताला उबदार लागतं, असं त्याला वाटायचं.

तो ऐन वयात येत होता तेव्हा वडील कुटुंब सोडून निघून गेले. आईने मुलं गोळा केली आणि थेट पेनसिल्व्हेनियातलं ब्रँट गाव गाठलं. तिथे तिच्या भावाचा खुर्च्यांचा कारखाना होता. मामाने भाच्याला कामाला लावलं.

आपल्याकडे गाव सोडून मामाच्या दुकानात उमेदवारी करत मोठी झालेली कितीतरी माणसं सापडतात. गुस्तावची सुरुवातही तशीच झाली. रंधा कसा मारायचा, लाकडाची नस कशी ओळखायची, हे तो कॉलेजात नाही, तर भुशात उभं राहून शिकला.

1883 साली दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. त्याचं एडा सिमन्सशी लग्न झालं आणि चार्ल्स, अल्बर्ट या भावांना घेऊन त्याने स्वतःचा फर्निचरचा धंदा सुरू केला. पुढे मागे असे पाचही भाऊ याच धंद्यात आले. गुस्ताव, चार्ल्स, अल्बर्ट, लिओपोल्ड आणि जॉन जॉर्ज. हे नीट लक्षात ठेवा, कारण या भावांचा विषय पुढे परत येणार आहे.

तेव्हा घरं कशी होती?

गुस्तावने काय बदललं हे कळायला तेव्हाची घरं कशी दिसायची ते बघावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या खात्यापित्या माणसाचा दिवाणखाना म्हणजे भांडारघर असायचं. जाडजूड पडदे, झालरी, कोरीवकामाने भरलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात पुतळे, टेबलावर कव्हर आणि कव्हरवर अजून एक कव्हर. वाफेवर चालणाऱ्या मशीन आल्यामुळे कोरीवकाम स्वस्त झालं होतं. पूर्वी राजवाड्यात दिसणारी नक्षी आता कारखान्यात छापल्यासारखी निघत होती. लाकूड हलकं, जोड कच्चा, पण वरून नक्षी एकदम भारी.

गुस्तावही सुरुवातीला असलंच फर्निचर विकायचा. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, धंदा करायचा.

पण त्याला वाचायचा नाद होता. इंग्लंडमधले जॉन रस्किन आणि विल्यम मॉरिस हे त्याचे आवडते लेखक झाले.

या दोघांचं म्हणणं थोडक्यात असं. कारखान्यात माणूस मशीनचा भाग झाला, त्यामुळे वस्तूही निर्जीव झाली आणि माणूसही. कामात आनंद नसेल तर वस्तूत सौंदर्य येत नाही. मॉरिस नुसता लिहून थांबला नाही. 1861 मध्ये मित्रांना घेऊन त्याने कंपनी काढली आणि वॉलपेपर, कापड, फर्निचर असं सगळं कारागिरांकडून करून घ्यायला सुरुवात केली. या सगळ्या चळवळीला पुढे नाव पडलं, आर्ट्स अँड क्राफ्ट्स.

पण मॉरिसच्या कामात एक मोठी गोची होती. हाताने केलेली वस्तू महाग पडते. त्यामुळे साध्या माणसासाठी सुंदर वस्तू बनवायला निघालेला मॉरिस शेवटी श्रीमंतांची घरं सजवत बसला. तो स्वतः समाजवादी होता, त्याला हे आयुष्यभर डाचत राहिलं. 1896 मध्ये तो गेला तेव्हाही हा प्रश्न तसाच होता.

चांगली वस्तू साध्या माणसाला परवडेल कशी?

गुस्तावला वाटलं, याचं उत्तर आपल्याकडे आहे.

मशीनशी भांडायचं नाही, तिला कामाला लावायचं

1890 च्या दशकात गुस्ताव युरोपला जाऊन आला. 1898 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहराजवळ त्याने स्वतःच्या नावाची कंपनी उभी केली आणि 1900 साली ग्रँड रॅपिड्सच्या फर्निचर बाजारात आपलं नवं काम मांडलं. ग्रँड रॅपिड्स म्हणजे तेव्हाची अमेरिकेची फर्निचर राजधानी.

तिथे नक्षीच्या गर्दीत हे फर्निचर वेगळंच दिसत होतं. सरळ रेषा, जाड लाकूड, रुंद फळ्या आणि कोरीवकाम जवळपास नाहीच.

मॉरिस आणि गुस्ताव यांच्यातला मोठा फरक इथे आहे. गुस्तावला मशीनचं वावडं नव्हतं. ओंडका कापणं, फळी रंधून सपाट करणं या घाम काढणाऱ्या कामात माणसाची कला नसते, ते मशीनने करावं. जोडणी, फिनिश, शेवटचा हात मात्र कारागिराचा असावा. म्हणजे वस्तू चांगलीही होईल आणि त्यातल्या त्यात परवडेलही.

आता त्या लाकडात एवढं विशेष काय होतं?

पहिली गोष्ट म्हणजे कापण्याची पद्धत. त्याचं आवडतं लाकूड होतं व्हाईट ओक. ओंडका सरळसोट कापत गेलं तर फळ्या जास्त निघतात, पण त्या पुढे वाकतात. गुस्ताव ओंडक्याच्या आधी चार फाका करून घ्यायचा आणि मग फाकेतून फळ्या काढायचा. यात लाकूड जास्त वाया जातं, पण फळी सरळ राहते. शिवाय ओकच्या पोटातले चकाकणारे पट्टे वर दिसायला लागतात. नक्षी कोरायची गरजच नाही, ती झाडाने आधीच करून ठेवलेली असते.

दुसरी गोष्ट रंग. हा किस्सा भारी आहे. घोड्यांच्या तबेल्यात लावलेलं ओक आपोआप काळपट तपकिरी होतं, हे लोकांच्या लक्षात आलं होतं, असं सांगतात. कारण काय, तर घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया. ओकमध्ये टॅनिन असतं, तेच जे चहाला तुरटपणा देतं. अमोनियाची वाफ त्या टॅनिनला लागली की लाकूड आतून रंग बदलतं.

गुस्तावच्या कारखान्यात हेच काम पद्धतशीर चालायचं. तयार फर्निचर हवाबंद खोलीत ठेवायचं, आत कडक अमोनियाची भांडी ठेवायची आणि एक-दोन दिवस दार उघडायचं नाही. बाहेर येताना लाकडाला जुन्या घरातल्या तुळईसारखा रंग आलेला असायचा. वरून फासलेला रंग टवका उडाला की जातो, हा जात नाही. बाकी, हा प्रयोग घरी करायचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या. कडक अमोनिया डोळ्यांना आणि फुप्फुसांना इजा करतो.

तिसरी गोष्ट जोड. एका लाकडाला आरपार भोक पाडायचं, दुसऱ्याच्या टोकाला त्या मापाची जीभ काढायची आणि ती भोकातून पलीकडे बाहेर येईल अशी बसवायची. बाकीचे लोक जोड लपवायचे, गुस्ताव तो दाखवायचा. वस्तू कशी उभी आहे हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे, हा त्याचा हट्ट.

या फर्निचरला शोभतील अशा कड्या, मुठी, बिजागऱ्या बाजारात मिळेनात, म्हणून 1902 मध्ये त्याने धातुकामाचा विभागच काढला. तांब्यावर हातोडीचे ठोके तसेच दिसू द्यायचे. पुण्याच्या तांबट आळीतली मठारलेली भांडी पाहिली असतील, तर हा पोत तुमच्या लगेच डोळ्यासमोर येईल.

प्रत्येक वस्तूवर त्याचा शिक्का असायचा. सुताराचा कंपास आणि आपल्याला जमेल तितकं चांगलं करू, अशा अर्थाचं एक जुनं फ्लेमिश वाक्य.

फर्निचरपेक्षा मासिक जास्त गाजलं

ऑक्टोबर 1901 मध्ये गुस्तावने 'द क्राफ्ट्समन' नावाचं मासिक सुरू केलं. पहिला अंक विल्यम मॉरिसवर, दुसरा रस्किनवर. दोन्ही गुरूंना दक्षिणा देऊन झाली.

यात एका बाईचं नाव घ्यायलाच पाहिजे, आयरीन सार्जंट. सिराक्यूज विद्यापीठात शिकवणाऱ्या या प्राध्यापिकेने पहिला अंक जवळपास एकटीने लिहून काढला आणि पुढची काही वर्षं मासिकाला डोकं पुरवलं. गुस्तावकडे हात होता, विचारही होते, पण ते कागदावर नीट मांडायचं काम सुरुवातीला तिने केलं.

1901 च्याच नाताळच्या आदल्या दिवशी गुस्तावच्या सिराक्यूजमधल्या घराला आग लागली. आतून बरंच नुकसान झालं. दुसरा कोणी रडत बसला असता. याने आतलं घर स्वतःच्या विचारांप्रमाणे नव्याने बांधून घेतलं. खोल्यांमधल्या भिंती कमी केल्या, लाकूड उघडं ठेवलं, बसायचे बाक आणि कपाटं घरातच बांधून घेतली. क्राफ्ट्समन पद्धतीचं पहिलं घर म्हणून याच घराकडे बोट दाखवलं जातं. हे घरही लक्षात ठेवा, कारण गोष्ट शेवटी इथेच परत येणार आहे.

1904 पासून तर त्याने कमालच केली. मासिकाचे वर्गणीदार व्हा आणि घराचा नकाशा फुकट घ्या, अशी योजना आणली. पुढच्या काही वर्षांत मासिकातून दोनशेहून जास्त घरांचे आराखडे आले. अमेरिकेत ठिकठिकाणी लोकांनी त्यावरून घरं बांधली.

इथे आपला एक धागा जुळतो. या घरांमधला सगळ्यात लोकप्रिय प्रकार होता बंगलो. म्हणजे आपला बंगला. बंगालमधल्या बैठ्या, ओसरीवाल्या घरावरून इंग्रजांनी हा शब्द आणि ही कल्पना उचलली, ती इंग्लंडला गेली आणि तिथून अमेरिकेला. अमेरिकेच्या मध्यमवर्गाला परवडलेल्या घराचं नाव मुळात आपल्या मातीतलं आहे.

एवढ्यावर गडी थांबला नाही. स्वतःच्या दुकानात विकायचं त्याच धाटणीचं फर्निचर घरी कसं करायचं, याची मापासकट चित्रं तो मासिकात छापायला लागला. म्हणजे हॉटेलवाल्याने रेसिपी मेनूकार्डवरच छापून द्यावी तसं. त्याचं गणित सरळ होतं. ज्याला विकत घेणं परवडत नाही, त्याने स्वतः करावं. हाताने काम केलेल्या माणसाला चांगलं काम ओळखता येतं.

आणि मग किचनकडे नजर गेली

तोपर्यंत अमेरिकेतल्या सुखवस्तू घरात किचन म्हणजे घराची मागची बाजू. तिथे कोळशाची लोखंडी शेगडी, धूर, काजळी आणि राबणारी मोलकरीण. पाहुण्यांनी तिकडे बघायचं नाही आणि मालकिणीने शक्यतो जायचं नाही. घर बांधताना सगळा पैसा दिवाणखान्यात जायचा, उरलेल्या जागेत किचन.

पण काळ बदलत होता. पोरींना कारखान्यात, दुकानात, ऑफिसात नोकऱ्या मिळायला लागल्या. दुसऱ्याच्या घरी राहून दिवसरात्र राबायला कोण तयार होणार? मध्यमवर्गाच्या घरातून नोकर कमी होत गेले आणि घरची बाई स्वतः शेगडीसमोर उभी राहिली.

गुस्तावने हे ओळखलं. त्याच्या आराखड्यांमध्ये आणि 1909 च्या 'क्राफ्ट्समन होम्स' या पुस्तकात किचन ही घरातली महत्त्वाची कामाची खोली म्हणून येते.

कामाची खोली म्हणजे काय, तर तिथे उजेड आणि हवा हवी. ती उगाच मोठी नको, कारण प्रत्येक जास्तीचं पाऊल बाईच्या पायावर पडतं. सामान हाताशी यावं म्हणून कपाटं भिंतीतच बांधलेली हवीत, आपल्या वाड्यातल्या फडताळासारखी. धूळ साठेल असं कोरीवकाम नको, कारण ती धूळ कोणीतरी रोज पुसत असतं. जमीन आणि भिंती पटकन धुता आल्या पाहिजेत. आणि ती जागा बघायलाही प्रसन्न हवी, कारण तिथे एका माणसाचा अर्धा दिवस जातो.

जुन्या शेतघरांमध्ये सगळं कुटुंब चुलीभोवती जमायचं, ती ऊब त्याला परत हवी होती.

आता यातलं काहीच नवं वाटत नसेल, कारण आज सगळेच हे बोलतात. पण तेव्हा घराचा नकाशा मालकाच्या प्रतिष्ठेवरून ठरायचा. तो काम करणाऱ्या माणसाच्या पावलांवरून ठरावा, असं म्हणणाऱ्या मोजक्या लोकांमध्ये गुस्ताव होता.

गंमत म्हणजे तेव्हाचं खरं किचन आजच्या रीलसारखं अजिबात नव्हतं. एक सिंक, एक शेगडी, मधे कामाचं टेबल आणि शेजारी सामानाची छोटी खोली, इतकंच. आज आर्ट्स अँड क्राफ्ट्सच्या नावाने भिंतभर लाकडी कपाटं आणि ग्रॅनाईटचा लांबलचक ओटा करतात, ती अलीकडची जोड आहे. रंग आणि लाकूड गुस्तावचं घेतलं, पण कमीत भागवा हा त्याचा मुख्य मुद्दा बऱ्याचदा मागेच राहिला.

साधेपणा शिकवणारा माणूस बारा मजले चढला

तो मुद्दा पहिल्यांदा विसरला तो स्वतः गुस्तावच.

1905 मध्ये त्याने मुख्य ऑफिस न्यूयॉर्क शहरात हलवलं. 1908 मध्ये न्यू जर्सीत जमीन घ्यायला सुरुवात केली, ती होत होत 650 एकरांवर गेली. नाव ठेवलं क्राफ्ट्समन फार्म्स. मुलांना शेती आणि हातकाम शिकवणारी शाळा काढायचं त्याचं स्वप्न होतं. तिथलंच चेस्टनटचं लाकूड वापरून ओंडक्यांचं मोठं घर बांधलं. ते मुळात क्लबहाऊस होणार होतं, पण शाळा काही उभी राहिली नाही आणि शेवटी त्या घरात गुस्तावचंच कुटुंब राहायला आलं.

मग आलं 1913. मॅनहॅटनमध्ये, फिफ्थ अव्हेन्यूच्या अगदी जवळ, त्याने बारा मजली क्राफ्ट्समन बिल्डिंग सुरू केली. काही मजल्यांवर फर्निचर, काहींवर पडदे आणि गालिचे, घर बांधणाऱ्यांसाठी प्रदर्शन, मासिकाचं ऑफिस आणि सगळ्यात वर रेस्टॉरंट. त्या रेस्टॉरंटला दूध आणि भाजीपाला न्यू जर्सीच्या शेतातून यायचा. आज फार्म टू टेबल म्हणून जे चालतं, ते या माणसाने शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलं होतं.

पण आतून गणित बिघडत होतं.

एक तर लोकांची आवड बदलली. अमेरिकेला आता आपल्या वसाहतकाळातल्या, नाजूक पायांच्या फर्निचरची ओढ लागली होती. जाडजूड ओक जुनाट वाटायला लागला.

दुसरं म्हणजे कॉपी. गुस्तावसारखं दिसणारं स्वस्त फर्निचर देशभर निघत होतं. आणि त्याच्याशी टक्कर देणाऱ्यांमध्ये कोण होतं? त्याचे सख्खे भाऊ. लिओपोल्ड आधी गुस्तावच्याच कारखान्यात काम बघायचा. त्याने आणि जॉन जॉर्जने जवळच फेयेटव्हिलला स्वतःचा कारखाना काढला. माल जवळपास तसाच, आडनाव तर तेच. अल्बर्टचा कारखाना ग्रँड रॅपिड्सला होताच. गिऱ्हाईकाला स्टिकली हवं असायचं, पण कोणता स्टिकली हे बघायला कोणाला वेळ होता?

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं कारण होता तो खर्च. बारा मजल्यांचा, 650 एकरांचा, मासिकाचा, कारखान्याचा. त्यात 1914 मध्ये युरोपात महायुद्ध पेटलं आणि बाजार थंडावला.

मार्च 1915 मध्ये गुस्ताव स्टिकलीने दिवाळखोरी जाहीर केली. बारा मजली बिल्डिंग उघडून दोन वर्षंही झाली नव्हती.

डिसेंबर 1916 मध्ये 'द क्राफ्ट्समन' मासिकाचा शेवटचा अंक निघाला. 1917 मध्ये फार्म्स एक लाख डॉलरला विकावी लागली. सिराक्यूजचा कारखानाही पुढच्याच वर्षी भावांच्या कंपनीकडे गेला.

मोठ्या भावाने उभं केलेलं लहान भावांच्या हातात गेलं. 1919 मध्ये एडाही गेली. 36 वर्षांचा संसार संपला.

शेवटची वर्षं

गुस्ताव तेव्हा साठीत होता. त्याने परत उभं राहायचे प्रयत्न केले, पण जमलं नाही. शेवटी तो सिराक्यूजला परतला. त्याच घरात, जे आगीनंतर त्याने आतून नव्याने बांधलं होतं. आता तिथे त्याची मुलगी बार्बरा आणि जावई राहत होते.

एकेकाळी अमेरिकेने घर कसं बांधावं हे सांगणारा माणूस लेकीच्या घरी राहायला लागला. तिथेही हात गप्प बसत नव्हते. लाकडाच्या फिनिशचे वेगवेगळे प्रयोग तो करत राहायचा. पण ते विकत घ्यायला कोणी नव्हतं. त्याचं फर्निचर तोपर्यंत लोकांनी माळ्यावर टाकलं होतं, कोणी तळघरात, कोणी सरळ उकिरड्यावर.

एप्रिल 1942 मध्ये, वयाच्या 84 व्या वर्षी तो गेला. जग दुसऱ्या महायुद्धात अडकलेलं होतं, त्यामुळे एका जुन्या सुताराकडे फार कोणाचं लक्ष गेलं नाही.

त्यानंतर तीस वर्षं शांतता.

1972 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात अमेरिकेच्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स चळवळीवर मोठं प्रदर्शन भरलं आणि लोकांची नजर परत या लाकडावर गेली. माळ्यावरच्या खुर्च्या खाली आल्या. धूळ पुसल्यावर दिसलं, की सत्तर वर्षं झाली तरी जोड हलला नव्हता.

डिसेंबर 1988 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात एक कपाट आलं. जेवणघरात ताटंवाट्या ठेवायचं, ओकचं, तांब्याच्या पट्ट्यांचं. गुस्तावने साधारण 1903 मध्ये आपल्या सिराक्यूजच्या घरासाठी केलेलं. गायिका आणि अभिनेत्री बार्बरा स्ट्रायसँडने ते 3 लाख 63 हजार डॉलरला घेतलं.

म्हणजे सगळी 650 एकरांची शेती घरासकट विकून गुस्तावला जेवढे मिळाले होते, त्याच्या साडेतीनपट आकडा त्याच्या एका कपाटाला लागला. मधे सत्तर वर्षांची महागाई आहे हे मान्य, तरी दिवाळं निघालेल्या माणसाच्या गोष्टीत हा आकडा टोचतोच.

क्राफ्ट्समन फार्म्सवर टाऊनहाऊस उभे करायचा बेत होता. पण 1989 मध्ये तिथल्या पार्सिपनी गावाने ती जागा ताब्यात घेऊन वाचवली. आज तिथे म्युझियम आहे. आणि भावांनी सुरू केलेली कंपनी मालक बदलत आजही स्टिकली याच नावाने फर्निचर बनवते.

तर किचन करायला निघालाच असाल तर

या माणसाच्या आयुष्याकडे दोन प्रकारे बघता येतं. एक म्हणजे विचार चांगला होता, पण धंदा जमला नाही. दुसरं म्हणजे धंदा बुडाला तो विचार सोडल्यावर. मोजकं आणि टिकाऊ करणारा माणूस जोवर मोजकं करत होता, तोवर तरला. बारा मजले चढला आणि पडला.

मॉरिसला न सुटलेला प्रश्न गुस्तावलाही पूर्ण सुटला नाही. त्याचं फर्निचरही काही गरिबाच्या घरात पोहोचलं नव्हतं. पण नकाशे आणि मापं त्याने खुली करून टाकली, आणि शेवटी ती त्याच्या बिल्डिंगपेक्षा जास्त टिकली.

त्यामुळे उद्या घरी रिनोव्हेशन निघालं आणि कोणी मोबाईलवर तो मधाळ लाकडाचा फोटो दाखवला, तर लाकूड कुठलं आणि मुठी कुठल्या हे नंतर ठरवा. गुस्तावच्या हिशेबाने पहिलं काम वेगळंच आहे. घरात रोज ओट्यासमोर जी व्यक्ती उभी राहते, मग ती आई असो, बायको असो, नवरा असो नाहीतर स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी, तिला विचारायचं. हात कुठे पोहोचत नाही, उजेड कुठून हवा, कंबर कशाने दुखते, कुठला डबा रोज लागतो आणि कुठला वर्षातून एकदा.

ही उत्तरं मिळाली की सनमायका लावला काय आणि सागवान लावलं काय, ते किचन गुस्ताव स्टिकलीच्या तत्त्वाने झालेलं असेल. नाहीतर मग तो नुसता तपकिरी रंग.